लाँग आणि शॉर्ट, दोन्हीकडून एकदम

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी पॅटर्न आणि गेटिंगचं काम बघतो. साच्यात ओतलेला धातू कुठून शिरणार, कुठल्या कोपऱ्यात कधी पोचणार, हे आधी कागदावर ठरवायचं, मग भट्टीकडे बघायचं. तेरा वर्षं हे काम करतोय आणि त्याच्याही आधीपासून डस्ट टू खेळतोय, म्हणजे काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या कॉम्प्युटर गेममधला एक मॅप. या दोन गोष्टींची गाठ मात्र मला गेल्या महिन्यात पडली. आमच्या टीमचे निम्मे राउंड ज्या एका चुकीपायी जात होते, ती चूक मला रोज शॉप फ्लोअरवर दिसत होती.

हा मॅप पहिल्यांदा बघितला तो टिळकवाडीतल्या एका सायबर कॅफेत, कॉलेजला असताना. काउंटर-स्ट्राइक १.६. दहा कॉम्प्युटर, इकडं पाच, तिकडं पाच, मधे प्लायवूडची भिंत, आणि भिंतीपलीकडून आरोळी, "लाँगला दोघं हायत गा!" डेव्हिड जॉन्स्टननं हा मॅप २००१ साली केला, हे नाव आम्हाला फार उशिरा कळलं. २०१७ साली तो स्पर्धेच्या मॅपांतून काढला, २०१८ साली नवं रूप देऊन परत आणला, आणि २०२३ च्या सप्टेंबरात काउंटर-स्ट्राइक २ आला तेव्हा पुन्हा सगळं उजळून निघालं. वाटा त्याच राहिल्या. लाँगचं दार कुठं आहे, हे मी आजही डोळे मिटून सांगेन.

ज्यांनी खेळला नाही त्यांनी नकाशा असा डोळ्यांसमोर आणावा. खाली हल्ला करणारे, वर राखण करणारे. बॉम्ब लावायच्या जागा दोन: वर उजवीकडे ए, वर डावीकडे बी. बीकडे टनेलमधून जायचं. ए-कडे जायला दोन वाटा. एक लाँग: दारं ओलांडायची, बाजूला पिटचा खड्डा, मग लांबलचक उघडी वाट आणि शेवटी रॅम्प. दुसरी शॉर्ट: मिडमधून कॅटवॉकवर चढायचं, वळलं की चार पायऱ्यांवर ए. आणि मधोमध मिड, त्याच्या टोकाला दोन दारं.

ती दारं म्हणजे मला आमचं टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट वाटतं. गेट पडलं की अलीकडचा अलीकडं, पलीकडचा पलीकडं. राखण करणाऱ्यांना त्यांच्या जागेवरून बीला जायचं तर त्या दारांच्या फटीसमोरूनच पळावं लागतं. आपला एक माणूस स्नायपर घेऊन तिथं नजर लावून बसला की त्यांचं गेट पडलंच म्हणायचं. जो धावला तो गेला, नाहीतर थांबून स्मोक, म्हणजे धुराचा पडदा, टाकायची वाट बघत बसला. म्हणून मिड आधी घ्यायचं. थेट तिथून आत शिरायचं नसलं तरी घ्यायचं.

आमची पाच जणांची टीम. मी मच्छेचा, एक खानापूरचा, एक निपाणीचा, एक गोकाकचा, आणि पाचवा नोकरीसाठी पुण्यात. गोकाकच्याची बोलायची भाषा कानडी, मराठी त्याला कळतं सगळं. घाईच्या वेळी तो "लाँग इब्बरु" म्हणतो, म्हणजे लाँगला दोघं. "ओब्बने" म्हणजे एकटाच. आता आम्ही पाचही जण तेच म्हणतो. पुण्याच्या ऑफिसातल्या मित्रांबरोबर खेळताना पुणेकर एकदा "मिड ओब्बने!" ओरडला, तेव्हा ते सगळे गप्प झाले म्हणे. मला हे फार आवडतं. शब्द दोन-तीन अक्षरांत संपला पाहिजे, कुठल्या भाषेतला ते कुणी विचारत नाही.

आता चूक. ए-वर दोन्ही वाटांनी चालून जायचं, याला आम्ही स्प्लिट म्हणतो. तिघं लाँगला, दोघं शॉर्टला. डाव जुना आहे, सगळे खेळतात. आमचं व्हायचं काय, की लाँगची दारं घेतली की निपाणीचा पुढं सुटायचा. तो नेम चांगला असलेला गडी, त्याला थांबणं जमत नाही. रॅम्पपाशी पोचून एकाला मारायचा आणि पडायचा. मग चार-पाच सेकंदांनी शॉर्टचे दोघं उडी टाकायचे, तोवर समोरचे मोकळे होऊन त्यांच्याकडं वळलेले असायचे. ते दोघंही पडायचे. मग भांडण. "तू उशिरा आलास." "तू लवकर का गेलास?"

गेल्या महिन्यात एका पंप केसिंगच्या लॉटमध्ये खूप नग बाद झाले. धातू दोन बाजूंनी शिरून लांबच्या भिंतीवर भेटत होता, आणि बरोबर त्या भेटीच्या जागी केसासारखी रेघ. आमच्यात याला कोल्ड शट म्हणतात. ओतताना लोखंड १४०० अंशांच्या आसपास असतं, पण एका बाजूचा प्रवाह लवकर पोचून थंडावला आणि दुसरा मागून आला, तर दोघं चिकटतात, एक होत नाहीत. वरून नग अखंड दिसतो, पाण्याच्या दाबाखाली तिथंच गळतो. यावर उपाय धातू वाढवणं हा नाही. इनगेटची, म्हणजे धातू साच्यात शिरतो त्या तोंडांची, मापं बदलून दोन्ही प्रवाह एकाच वेळी, गरम असताना भेटतील असं करावं लागतं.

ती रेघ बोटानं चाचपताना मला निपाणीचा रॅम्पवर पडलेला दिसला. खरंच सांगतो, तिथंच.

त्या रात्री मी सगळ्यांना एकच गोष्ट मागितली: घड्याळ. राउंड १:५५ पासून उलटा मोजला जातो. लाँगवाल्यांनी दारं घ्यायची, पिटमध्ये उतरायचं आणि तिथंच बसायचं. गोळी नाही, पळणं नाही. पुणेकरानं टनेलमध्ये थोडा वेळ पावलं वाजवून यायचं, म्हणजे बीचा राखणदार जागचा हलणार नाही. मग त्यानं आणि मी मिडमधल्या एक्सबॉक्स नावाच्या खोक्यावर स्मोक टाकून, दारांची नजर झाकून कॅटवॉकवर चढायचं. घड्याळात ०:५० झालं की लाँग सुटणार. शॉर्ट नाही. लाँगला उघडी वाट जास्त, आम्हाला पायऱ्या चारच. ते लाँगवरच्या उभ्या कारपाशी पोचले की आमची फ्लॅश, डोळे दिपवणारा हातगोळा, वर जाणार, आणि फ्लॅश फुटताना दोन्ही तोंडं एकदम उघडणार.

निपाणीच्याला पिटमध्ये बसवणं अवघड गेलं. "तीस सेकंद बसून काय करायचं गा?" पहिल्या रात्री तीनदा आधीच सुटला. चौथ्या वेळी खानापूरचा त्याच्या पुढ्यात वाट अडवून उभा राहिला आणि ०:५० होईपर्यंत हलला नाही.

रविवारी मॅच ११-११ वर होती. तेरा राउंड जिंकणारा जिंकतो, हल्ला आमचा होता. ०:५० ला तिघं सुटले. कारपाशी निपाणीच्यानं एकाला मारलं, माझी फ्लॅश साइटवर फुटली, पुणेकर माझ्या आधी उडी टाकून आत. राखणदार दोन तोंडांच्या मधे सापडले. कुणाकडं वळायचं हे त्यांना ठरवता आलं नाही, सात-आठ सेकंदांत ए आमचं. बॉम्ब लावला. बॉम्बला ४० सेकंद, तो निकामी करायला किट असेल तर ५, नसेल तर १०. त्यांचे दोघं उरले होते. एकाला गोकाकच्यानं शॉर्टवरून टिपला, मग हेडफोनमध्ये त्याचा आवाज, "ओब्बने, सीटी ओब्बने." सीटी म्हणजे राखण करणारे. तो एकटा बॉम्बपाशी बसला. आम्ही मोजत होतो. किट नव्हतं त्याच्याकडं. सहाव्या सेकंदाला खानापूरच्यानं पिटमधून गोळी घातली.

पुढचा राउंडही तसाच खेळलो, फक्त लाँगला ०:५५ दिला, कारण एकच वेळ दोनदा वापरली की समोरचे पिटमध्ये आग टाकतात. १३-११.

या रविवारी मिडमधून बी करून बघायचंय. तिथं भेटीची जागा बीची दारं आणि टनेलचं तोंड यांच्या मधे येते, आणि मिडवाल्यांना दारांतून जायला स्मोक भरेपर्यंत थांबावं लागतं. टनेलच्या तोंडाशी तेवढा वेळ कोण गप्प उभा राहणार, ते ठरायचंय. निपाणीचा म्हणतोय, मी राहतो.