आजीचा गृहपाठ

३० सप्टेंबर ही तारीख मास्तरलोकांच्या काळजात कोरलेली असते. त्या दिवशीचा पट धरून संचमान्यता होते आणि शाळेत दुसरा शिक्षक राहणार की उचलून दुसऱ्या गावी धाडला जाणार, ते संचमान्यतेवर ठरतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या द्विशिक्षकी शाळेत सगळी नोकरी गेली माझी. गणपतीला आलेले चाकरमानी परतताना आपली पोरं मुंबईला घेऊन जातील की काय, या धास्तीने मी किती घरांत बिनसाखरेचे चहा प्यायलेत! निवृत्तीबरोबर तारीख सुटली असं वाटलं होतं. जानेवारीत लेकीकडे आयर्लंडला आले, क्लेअर काउंटीतल्या एका खेड्यात. नातीला शाळेत सोडायला गेले तर फाटकापाशी तिथल्या मुख्याध्यापक बाई भेटल्या. मीही शिक्षिका होते म्हटल्यावर बोलता बोलता विषय पटावर आला. त्यांच्याकडेही शिक्षक किती द्यायचे ते आदल्या वर्षीच्या ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतं! त्यांचं इंग्रजी माझ्या कानाला अर्धंच झेपत होतं, पण तारीख बरोबर कळली. मी कपाळाला हात लावला, त्यांनीही लावला. झाली ओळख.

शाळा दोन खोल्यांची. धाकट्या खोलीत चार-पाच वर्षांच्या 'ज्युनिअर इन्फंट्स'पासून दुसरीपर्यंतचे, थोरल्या खोलीत तिसरी ते सहावी. म्हणजे आठ इयत्ता आणि दोन शिक्षिका. मुख्याध्यापक बाई थोरली खोली शिकवतात, मधल्या सुट्टीत फोन घेतात आणि फोटोकॉपीच्या मशीनमध्ये अडकलेला कागदही त्याच ओढतात. देशात ३,०००हून थोड्या जास्त प्राथमिक शाळा, त्यांतल्या बहुतेक चर्चच्या छत्राखाली, आणि खेड्यांत अशा छोट्या शाळा पुष्कळ. जोडवर्गाला कागदावर नेहमी अडचण म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही. सहावीला अपूर्णांक समजावत असताना तिसरीतलं एखादं पोरगं आपला पाढा सोडून कान टवकारून बसतं, आणि तीन वर्षांनी तोच धडा आला की आधीच हात वर करतं. इथेही एक तसं आहे, लाल केसांचं. मी पहिल्याच दिवशी हेरलं.

तर एका संध्याकाळी नातीने दप्तरातून कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. "आजी, आज होमवर्क तुला आहे."

शाळेत आजी-आजोबांचा दिवस जवळ आला होता. इथल्या कॅथलिक शाळांचा एक आठवडा जानेवारीअखेर असतो, त्यात एक दिवस आजी-आजोबांचा. कागदावर प्रश्न होते. शाळेत कसे जायचात? डब्यात काय असायचं? कुठले खेळ? घरगुती औषधं कुठली? पाऊस येणार हे कसं ओळखायचात? जन्मभर मी दुसऱ्यांना गृहपाठ दिला, तेव्हा जरा सावरूनच बसले. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस घट्ट बांधायचा, म्हणजे ती गळून पडते, असं सांगितलं.

"घोडा कोणाचा?"

"टांगेवाल्याचा."

"त्याला विचारून?"

"टांगेवाल्याला विचारून. घोड्याला नाही."

तिने तेही लिहून घेतलं.

हा गृहपाठ इथे जुना आहे, हे मला नंतर बाईंकडून कळलं. १९३७ साली आयरिश लोकसाहित्य आयोगाने देशभरच्या प्राथमिक शाळांतल्या पाचवी-सहावीच्या मुलांना कामाला लावलं. शिक्षकांना ५५ विषयांची एक पुस्तिका दिली. निबंधाचा तास त्यासाठी मोकळा केला. मुलांनी घरी जायचं, आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारायचं आणि वहीत लिहून आणायचं. १९३९पर्यंत हे चाललं. सुमारे ५,००० शाळा, ५०,०००हून जास्त मुलं, आणि जमा झाली जवळपास ७,४०,००० पानं. ती डब्लिनच्या विद्यापीठात जपून ठेवली आहेत, आणि आता इंटरनेटवर गावाचं नाव घालून कोणालाही वाचता येतात.

सरकारी उपक्रमांबद्दल माझं मत काही फार बरं नाही. उपक्रम म्हटला की आधी फलक, मग फोटो, मग तो अपलोड करायला नेटवर्क मिळेपर्यंत शाळेमागच्या टेकडीवर चढणं. हा मात्र मानला. त्या पुस्तिकेपलीकडे काही नवं छापलं नाही, साहित्य पुरवलं नाही. पोराला एक वही दिली आणि त्याच्याच घरी पाठवलं. जिला अंगठ्यापलीकडे लिहिता येत नव्हतं, अशीही म्हातारी त्यामुळे देशाच्या दप्तरात गेली.

आता जेवणं झाली की मी लेकीच्या लॅपटॉपवर ती पानं उघडून बसते. सवयीने आधी अक्षर बघते. टाकाची शाई, रेघेवर नीट बसवलेली तिरकी वळणं, मध्येच एखादा डाग, आणि खाली 'हे मला माझ्या आजोबांनी सांगितलं' असं लिहून आजोबांचं वय. मजकूर तर काय विचारता! चामखिळीवर गोगलगाय चोळायची आणि ती काटेरी झुडपाच्या काट्याला टोचून ठेवायची. गोगलगाय वाळत जाते तशी चामखीळही. (आमचा घोडा निदान जिवंत तरी राहायचा.) पोराला डांग्या खोकला झाला असेल तर पांढऱ्या घोड्यावरून जाणारा माणूस गाठायचा, त्याला उपाय विचारायचा आणि तो सांगेल ते करायचं. त्या काळी पांढरा घोडा पाळणाऱ्याची काय धांदल होत असेल! मांजर शेकोटीकडे पाठ करून बसलं की पाऊस येतो, असंही कितीतरी मुलांनी लिहिलंय. क्लेअरमध्ये मी दोन महिने बघतेय, मांजर कसंही बसलं तरी पाऊस येतोच.

आजी-आजोबांच्या दिवशी धाकट्या खोलीत आम्हाला बसवलं ते पोरांच्याच खुर्च्यांवर. गुडघे हनुवटीला. समोर चहा, स्कोन आणि लोणी. कॅप घातलेले दोन आजोबा दारापाशीच उभे राहिले; गोठ्यातून थेट आले होते, बुटांचा चिखल आत नको म्हणून. पूर्वी शाळेत येताना प्रत्येक पोराला घरून टर्फचा एक तुकडा आणावा लागायचा, असं त्यांच्यातले एक सांगू लागले. टर्फ म्हणजे इथल्या दलदलीतून कापून वाळवलेलं काळं इंधन. त्यावर वर्गातली शेकोटी पेटायची आणि ऊब खायला मिळायची ती पाठमोऱ्या उभ्या मास्तरांना, असंही त्यांनी सांगितलं. सगळे हसले. बाईही हसल्या, पण हीटरपासून जरा बाजूला सरकल्या.

मग खेळांचा विषय निघाला. नातीने माझ्या कागदावरून 'सागरगोटे' वाचलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आता सागरगोटे आणायचे कुठून? एक मुलगा अंगणातून पाच गुळगुळीत खडे घेऊन आला. मी खाली बसले, खडे उधळले, एक वर उडवला, खालचा टिपला आणि उडालेला झेलला. हात विसरला नव्हता. तेवढ्यात पलीकडच्या एक आजी, पिकल्या केसांच्या, गळ्यात मोत्यांची माळ, कप खाली ठेवून चक्क माझ्यासमोर फरशीवर बसल्या. "जॅकस्टोन्स!" म्हणाल्या. पाचही खडे त्यांनी वर उडवले आणि पालथ्या पंज्यावर झेलले. चार राहिले, एक निसटला. मग माझी पाळी. मग त्यांची. पोरं भोवती कोंडाळं करून आयरिशमध्ये मोजत होती, अ हेन, अ डो, अ ट्री. त्या बाई लबाडी करत होत्या. खडा उचलताना शेजारचा हलला तर डाव जातो, हा नियम जगात सगळीकडे असणार. त्यांच्या करंगळीने दोनदा हलवला. मी काही बोलले नाही, पाहुणी ना मी. पण पुढच्या डावाला मीही हलवला.

दुपारी थोरल्या खोलीत ब्रिजिडचे क्रॉस. १ फेब्रुवारी हा संत ब्रिजिडचा दिवस. इथल्या जुन्या कालगणनेत वसंत तेव्हाच सुरू होतो, बाहेर दात वाजत असले तरी. २०२३पासून त्यानिमित्त सार्वजनिक सुट्टी मिळते. बाईच्या नावाने असलेली देशातली ही पहिलीच. ब्रिजिड एका मरणासन्न सरदाराच्या उशाशी बसली होती. जमिनीवर पसरलेल्या लव्हाळ्याच्या काड्या उचलून तिने बोलता बोलता क्रॉस विणला, अशी कथा. लव्हाळं आणलं होतं त्या टर्फवाल्या आजोबांनी, गाडीच्या डिकीतून. शेतकऱ्याला या गवताचा भारी राग, कारण जमिनीत पाणी साचतं तिथेच ते माजतं. वर्षाचे ३६४ दिवस शिव्या खातं, एक दिवस देव्हाऱ्यात जातं.

विणायचं असं. एक काडी उभी धरायची. दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर अडकवायची. अंगठ्याने दाबून सगळं पाव वळण फिरवायचं आणि पुढची दुमडलेली काडी आधीच्या जोडीवर चढवायची. असं फिरवत फिरवत मधे चौकोन भरत जातो आणि चार हात फुटतात. टोकं सुतळीने बांधायची आणि कात्रीने सारखी करायची. मला शिकवायला पाचवीतला एक मुलगा बसवला होता. कोकणात जन्म काढलेल्या बाईला, झावळ्यांची झापं विणलेल्या हाताला शिकवतोय! पण गुरुजी खरा होता. मी घाईने काडी ओढली तर म्हणाला, "ओढू नका, ओली आहे, वाळल्यावर सैल पडेल." झावळ्यांना लागू पडणारं वाक्य. मी मुकाट्याने उलगडून परत विणला. तो आता लेकीच्या दारावर आहे. चपलांच्या कपाटावर लेकीचा गणपती आणि वर ब्रिजिडबाई, दोघांचं अजून तरी बरं चाललंय.

धर्माच्या तासाला नात मागे बसून गोष्टीचं पुस्तक वाचते. दुसरीतल्या मुलामुलींची मे महिन्यातल्या पहिल्या कम्युनियनची, म्हणजे चर्चमधला प्रसाद पहिल्यांदा घेण्याच्या विधीची, तयारी चाललेली असते, आणि हिला त्या पांढऱ्या झग्यांचा हेवा वाटतो, एवढाच काय तो प्रश्न. युक्रेनहून आलेली दोन भावंडंही तिच्याजवळ बसतात. २०२२पासून आलेल्या अशा मुलांनी इकडच्या काही शाळांचा पट सावरला. ३० सप्टेंबर कोणाला कसा पावेल, सांगता येत नाही.

फ्रिजवर एक फोटो आहे. २०२४ साली हर्लिंगच्या, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, अंतिम सामन्यात क्लेअरने कॉर्कला जादा वेळेत एका गुणाने हरवलं. मग शाळा उघडल्यावर चषक गावोगाव हिंडला. आमच्या शाळेतही आला. फोटोत कोणाचं तरी तान्हं बाळ चषकात बसवलंय आणि पिवळे-निळे झेंडे घेऊन अख्खी शाळा मागे उभी आहे. खेळाडू बिनपगारी, पोटापाण्याला दुसरं काम करणारे. कित्येक तर प्राथमिक शिक्षक. त्यांना पाहून पोरांना काय वाटलं असेल, असं मी नातीला विचारलं. "त्यांनी सांगितलं म्हणून त्या दिवशी होमवर्क नव्हता," ती म्हणाली. चषक आला की गृहपाठ माफ, ही इथली रीतच आहे.

मार्च लागल्यापासून शाळेत आयरिश भाषेचा सप्ताह चालू आहे. नाव सप्ताहाचं, पण १ मार्चला सुरू होतो तो १७ला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी संपतो. आमच्या गावच्या सप्ताहालाही कुठे सात दिवस पुरतात! रोजच्या बोलण्यात आयरिश आता मुख्यतः पश्चिमेच्या काही पट्ट्यांत उरली आहे, शाळेत मात्र सगळ्यांना शिकावी लागते. जावयाच्या ऑफिसातले मोठमोठे साहेबही म्हणे बाकीचं आयरिश विसरलेत, पण 'बाई, मी शीला जाऊ का' हे वाक्य झोपेतही बिनचूक म्हणतात. कारण ते आयरिशमध्ये म्हटल्याशिवाय बाई सोडायच्याच नाहीत. गरजेपुढे व्याकरण काय चीज आहे!

धाकट्या खोलीत शिट्टीसारख्या टिनच्या बासऱ्यांवर सगळे मिळून एकच चाल वाजवतात, निदान तसा प्रयत्न करतात. मधल्या सुट्टीत जो जास्त आयरिश बोलेल त्याला शुक्रवारी 'आठवड्याचा आयरिशभाषी' असं प्रमाणपत्र. गेल्या शुक्रवारी ते नातीला मिळालं. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि प्रमाणपत्र तिसरीच भाषा बोलल्याचं. १८३१ साली इथे सरकारी प्राथमिक शाळांची व्यवस्था सुरू झाली ती इंग्रजीतून. त्या शतकात पुष्कळ ठिकाणी पोराच्या गळ्यात दोरीने काठी अडकवायचे. आयरिश शब्द तोंडून निघाला की काठीवर एक खाच, आणि संध्याकाळी खाचा मोजून तेवढे फटके. आईबापच घरी खाचा पाडायचे, अशाही हकिगती आहेत. पोरगं इंग्रजी शिकून अमेरिकेला तरी लागेल म्हणून. त्या आईबापांना नावं ठेवायला माझी जीभ धजत नाही. इंग्रजी शाळेची गाडी दारात आली म्हणून माझ्या वर्गातून पोरं काढून नेणारे पालक मी पाहिलेत, आणि त्यांच्या अंगणात उभं राहून मला उत्तर देता आलेलं नाही.

परवा नवा कागद आला. त्या ५५ विषयांतलाच एक: गुप्तधन. तुमच्या गावात कुठे धन पुरलंय असं म्हणतात? राखण कोण करतं? कोणी खणायचा प्रयत्न केला होता का? मला अर्धवटच आठवत होतं, म्हणून गावी भावाला फोन लावला. तो ओरडलाच, "अगं, वरच्या वाडीतल्या जांभळीखाली! सात हंडे! नाग आहे राखणीला. आपल्या आज्याने एकदा कुदळ मारली होती, रात्रभर ताप भरला." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "पण तिकडे कोणाला लेखी देऊ नकोस हां. सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत, आणि बोरिवलीवाल्यांनी अजून सही दिलेली नाही."

फोन स्पीकरवर होता. नातीने हंडे लिहिले, नाग लिहिला, ताप लिहिला आणि सतरा नावंही लिहिली. सोमवारी ते सगळं वर्गात वाचायचं आहे. बोरिवलीवाले कोण आणि सही का देत नाहीत, ते बाईंना समजावायला मला बोलावलंय.