दिवसा या खांबात करंट कशाला?

रस्त्यावरच्या दिव्यांची लाइन दिवसा बंद असते. संध्याकाळी फीडर पिलरमधला, म्हणजे रस्त्याकडेच्या वीजपेटीतला, टायमर काँटॅक्टर (लाइन जोडणारा मोठा स्विच) ओढतो, ओळीने दिवे लागतात. सकाळी काँटॅक्टर सुटतो आणि खांबात करंट राहत नाही. ज्याने कधी खांबावर काम केलंय त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. २०२३ च्या दिवाळीआधी आमच्या शहरातल्या एका वस्तीत आम्ही नवा खांब उभा करत होतो. वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले एक काका बराच वेळ बघत उभे होते. दुपारी दोनच्या उन्हात त्यांनी खिशातून टेस्टर काढला, उघड्या जंक्शन बॉक्समधल्या वायरला लावला आणि मला हाक मारली, "मॅडम, दिवसा या खांबात करंट कशाला?"

मी तेव्हा ठेकेदार कंपनीत साइट इंजिनिअर होते. महापालिकेचं काम होतं. जुन्या पिवळ्या सोडियम फिटिंग काढून एलईडी लावायच्या, प्रत्येक दिव्यावर कंट्रोलर बसवायचा आणि मोठ्या चौकांत ‘स्मार्ट पोल’ उभारायचे. यातल्या एलईडीच्या कामावर माझा मनापासून विश्वास आहे. जिथे २५० वॉटचा सोडियम जळायचा तिथे १२० वॉटचा एलईडी स्वच्छ पांढरा उजेड देतो. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राची पथदिव्यांची राष्ट्रीय योजना सुरू झाली, तेव्हापासून गावोगाव हा बदल होतोय. अंधाऱ्या बोळात पहिल्यांदा दिवा लागतो तेव्हा बायका दारात येऊन वर बघतात. तेवढ्यासाठी हे काम करावंसं वाटतं.

काकांच्या आवाजाने माणसं गोळा झाली. पहिला प्रश्न दिव्याच्या डोक्यावरच्या काळ्या डबीबद्दल आला. "हाच कॅमेरा ना?"

नाही, आणि हे मी खात्रीने सांगू शकत होते. ती डबी म्हणजे कंट्रोलर. दिवा कधी लावायचा, मध्यरात्रीनंतर उजेड किती कमी करायचा, व्होल्टेज किती, दिवा गेला का, एवढंच तिला कळतं. आमच्याकडच्या डब्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या रेडिओवर बोलायच्या. त्यातून सेकंदाला जेमतेम काही हजार बिट जातात, व्हिडिओ जाणं शक्य नाही. मी एक डबी फिरवून काढली आणि एका मावशींच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीपालटी करून खालच्या पिना पाहिल्या आणि शेजारणीकडे दिली.

पण काकांना डबीशी देणंघेणं नव्हतं. "डबीचं राहू द्या. ही दुसरी केबल कशाची? आणि त्या पाइपातून काय ओढताय?"

त्यांनी नेमकं जिथे बघायला हवं तिथेच बघितलं होतं. कॅमेऱ्याला दोन गोष्टी लागतात. चोवीस तास वीज, आणि चित्र वाहून न्यायला फायबर. साध्या दिव्याच्या खांबाला फायबर लागत नाही. दिव्यासाठीची केबल सोडून चोवीस तास चालू असलेली वेगळी केबल आणि सोबत फायबरचा पाइप दिसला, तर त्या खांबावर दिव्याखेरीज आणखी काहीतरी बसणार आहे हे नक्की. तुमच्या गल्लीत असं काम चालू असेल तर वर बघण्याआधी खांबाच्या बुडाशी बघा.

मी मोबाइलवर ड्रॉइंग उघडून सगळ्यांसमोर धरलं. बाकीच्या खांबांपुढे फक्त दिवा लिहिला होता. या खांबापुढे दिवा, हवेचा सेन्सर, वाय-फाय आणि दोन कॅमेरे. ड्रॉइंगमध्ये खांब हा एक ठिपका असतो, त्याच्या समोर काय आहे ते तिथे कळत नाही. जागेवर समोर होतं बायकांचं सार्वजनिक शौचालय, आणि एका कॅमेऱ्याची दिशा थेट त्या दाराकडे.

क्षणभर कोणी बोललं नाही, मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. पहाटे पाचला रांग लागते. कोणी गाऊनवर असते, कोणी आजारी. कुठली पोर महिन्यातून कधी आणि किती वेळा गेली, हे कोणीतरी कुठल्यातरी पडद्यावर बघणार? एक आजी मला म्हणाल्या, "बाई, उजेड पायजे. पण उजेड दे नि डोळा नको लावू."

सगळ्यांचं मत एक नव्हतं, आणि ते झाकायचं मला काहीच कारण नाही. कॉल सेंटरमधून रात्री उशिरा परतणारी एक मुलगी ठामपणे म्हणाली, "ताई, कॅमेरा लावाच. नाक्यावर दोन पोरं रोज आडवी येतात. तक्रार केली तर पुरावा मागतात." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. नाक्यावरचा कॅमेरा तिला हवा होता, दारावरचा कोणालाच नको होता. हा फरक वस्तीतल्या बायकांनी काही मिनिटांत स्वच्छ मांडला. निविदेच्या जाडजूड कागदांत तो कुठेच नव्हता.

त्या दिवशी मी त्यांना अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहराबद्दल सांगितलं, कारण आमच्या धंद्यात ते माहीत असायला हवं. डिसेंबर २०१६ मध्ये तिथल्या नगर परिषदेने स्मार्ट दिव्यांची योजना मंजूर केली. वीज वाचेल, गाड्या मोजता येतील, पार्किंग कळेल, असं सांगितलं गेलं. तीन हजारांहून जास्त खांबांवर सेन्सर लागले, त्यांत कॅमेरेही होते. २०१८ मध्ये पोलिसांनी एका गुन्ह्याच्या तपासात ते चित्रण वापरलं. बहुतेक नागरिकांना त्याचा पत्ता लागला २०१९ मध्ये. २०२० मध्ये वर्णद्वेषाविरुद्धच्या निदर्शनांच्या वेळचं चित्रणही पाहिलं गेलं. ओरड वाढली आणि त्या सप्टेंबरात महापौरांनी कॅमेरे बंद करायला सांगितलं. तेव्हा पेच समोर आला. दिवा आणि कॅमेरा एकाच पुरवठ्यावर होते, कॅमेरा मारायचा तर रस्ता अंधारात जाणार.

काका लगेच म्हणाले, "म्हणजे वायरिंग करतानाच ठरवायला हवं होतं." अगदी तेच. पुढे त्या शहराने नियम केला की असं कुठलंही उपकरण वापरायचं तर त्याचं धोरण आधी परिषदेपुढे आणायचं. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे पुन्हा सुमारे ५०० कॅमेरे मंजूर झाले, पण या वेळी जाहीर सुनावणीत लोकांचं बोलणं ऐकून.

आमच्याकडे ते बोलणं ऐकायला कोण होतं? महापालिकेची मुदत संपलेली, निवडणूक नाही, कारभार प्रशासकाकडे. राज्यातल्या बहुतेक महापालिकांची तेव्हा हीच गत होती. नगरसेवक म्हणून ज्याच्या दारात जावं असं कोणी नव्हतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमुखाने सांगितलं होतं. वैयक्तिक विदा म्हणजे डेटा संरक्षणाच्या कायद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची सहीही झाली होती, पण त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. त्या दुपारी वस्तीसमोर जबाबदार माणूस म्हणून उभी होते ती मी, एका ठेकेदाराची पगारी नोकर. हे बरोबर नाही असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

प्रोजेक्ट मॅनेजरना फोन केला. "बिल कॅमेऱ्यासकट आहे. लाइट लाव, केबल ओढ आणि नीघ." मी दिवा लावला. दुसरी केबल पिलरमधूनच सोडवली, टोकं इन्सुलेट केली, फायबरचा पाइप रिकामा ठेवून तोंड बंद केलं आणि साइट ऑर्डर बुकमध्ये कारण लिहिलं: समोर महिला शौचालय, रहिवाशांची हरकत, दिशा बदलेपर्यंत काम थांबवले. काकांनी आणि दोन मावशींनी खाली सही केली. वायरमन दादा मला हळूच म्हणाले, "मॅडम, नोकरी जाईल." गेली नाही, पण त्या महिन्याचं बिल अडकलं आणि मला बरंच ऐकून घ्यावं लागलं.

विद्युत विभागाला मी पत्रही लिहिलं. चित्रण कुठे साठणार, किती दिवस, ते बघायचा अधिकार कोणाला, आणि पुढे याच खांबावर चेहरा ओळखणारं किंवा नंबरप्लेट वाचणारं काही बसवायचं ठरलं तर तो निर्णय कोण घेणार. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वीज आणि फायबर एकदा खांबापर्यंत पोचले की वरचं यंत्र बदलायला शिडीची गाडी आणि अर्धा तास पुरतो. रस्ता खणावा लागत नाही, खालून जाणाऱ्याला कळतही नाही.

दिशेचं काम झालं. उपअभियंत्यांनी जागेवर येऊन पाहिलं आणि दोन्ही कॅमेरे नाक्याकडच्या खांबावर हलवले. रात्री परतणारी ती मुलगी खूश होती. बाकीच्या प्रश्नांवर उत्तर आलं नाही, म्हणून काकांनी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला. तीस दिवसांनी खांबांची यादी आली, बाकी काही नाही. त्यांनी पहिलं अपील केलं, तेव्हा एक कागद मिळाला. चित्रण तीस दिवस ठेवायचं, असं त्यात आहे. ते कोणाला दाखवायचं, याबद्दल एक ओळही नाही. काका त्यासाठी नवा अर्ज लिहितायत. त्यातले तांत्रिक शब्द मी तपासून देते.