काचेच्या पेटीशिवाय एवढंसं बाळ कसं सांभाळलंत?

नात्यात, ओळखीत कुणाचं बाळ कमी वजनाचं झालं की मला फोन येतोच. ताई, तुमची मुलगी पण बारकी होती ना, मग घरी पेटी नसताना कशी सांभाळलीत? इतक्या जणींनी विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

ती दिवस भरायच्या आधी झाली, १८५० ग्रॅमची. २५०० च्या खाली म्हणजे कमी वजनाचं बाळ. दूध ओढायला लागली, वजन वाढायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी घरी सोडलं, पण घर निफाड तालुक्यात आणि महिना पौष. निफाडची थंडी तुम्ही दरवर्षी पेपरात वाचताच. अशा बाळाच्या अंगावर चरबीच नसते, ते पटकन गार पडतं, आणि गार पडलं की रक्तातली साखर उतरते, दूध ओढायची ताकद जाते, मग अजून गार पडतं, असं ते चक्र असतं.

तर उत्तर एका शब्दात, छातीशी. कांगारू केअर म्हणतात त्याला. १९७८ साली कोलंबियात, बोगोटाच्या एका हॉस्पिटलमध्ये पेट्या पुरत नव्हत्या म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीवर द्यायला सुरुवात केली. आता जागतिक आरोग्य संघटनाही कमी वजनाच्या बाळांसाठी हेच सांगते, दिवसाला ८ ते २४ तास. म्हणजे पेटी परवडत नाही म्हणून केलेली गरिबाची सोय आहे असं कृपा करून समजू नका.

करायचं असं. बाळाला फक्त लंगोट, टोपडं आणि पायमोजे, झबलं नको. आपली छाती उघडी, बाळ उभं धरून दोन्ही स्तनांच्या मध्ये, मान एका बाजूला वळवलेली आणि किंचित वर, म्हणजे नाक मोकळं राहतं. हातपाय बेडकासारखे दुमडलेले. मग वरून घट्ट कापड बांधायचं, आम्ही सासूबाईंच्या जुन्या सुती नऊवारीचा पट्टा काढला होता, नव्या कापडापेक्षा तो कितीतरी मऊ. त्याच्यावर सैल स्वेटर, शाल. झोपायचं ते पाठीला दोन-तीन उशा लावून, अर्धवट बसल्यासारखं. पहिल्यांदा ती अशी चिकटली तेव्हा तिचे गार पडलेले तळपाय माझ्या पोटाला लागत होते आणि थोड्या वेळाने ते कधी ऊबदार झाले ते मला कळलंसुद्धा नाही.

पण खरं सांगू का, हे एकट्या बाईचं काम नाहीच. आईने जेवायचं कधी, अंघोळ कधी करायची? त्या वेळात बाळ नवऱ्याच्या छातीवर असायचं. सासूबाईंचा आधी शेगडीचा आणि धुरीचा आग्रह होता, बाळंतिणीच्या खोलीत त्यांच्या काळी तेच चालायचं, आणि त्यामागे माया होती हे मला दिसत होतं. बंद खोलीतला कोळशाचा धूर बाळाच्या फुप्फुसाला किती वाईट हे आशाताईंनी, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीने, सांगून बघितलं. पटलं मात्र तेव्हा जेव्हा त्यांनीच नातीला पदराआड छातीशी घेतलं आणि ती अर्ध्या तासात गाढ झोपली. मग शेगडी परत आत आलीच नाही. आजी, आजोबा, काकू कुणीही घेऊ शकतं, फक्त अंग स्वच्छ हवं आणि सर्दी-खोकला नको.

दूध दर दोन तासांनी, झोपलेली असली तरी उठवून. ओढून दमली की काढलेलं दूध वाटी-चमच्याने, बाटली नाही. गुटी, मध, पाणी काही नाही, मध तर वर्षभर नाहीच. नाळेला काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची. अंघोळ आम्हाला वजन वाढेपर्यंत नको सांगितलेली, कोमट फडक्याने पुसायचो.

आशाताई ठरलेल्या दिवशी यायच्या, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या. या घरभेटींचं मूळ आपल्या गडचिरोलीत आहे हे खूप जणांना माहीत नसतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं आणि तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय मासिकात ते छापून आलं. आमच्या ताई काखेत थर्मामीटर लावायच्या, झोळीत वजन करायच्या आणि मग घड्याळ हातात धरून पूर्ण एक मिनिट नुसत्या पोटाकडे बघत बसायच्या, कारण एवढ्याशा बाळाचा श्वास मधेच थांबतो, मधेच भरभर चालतो, पंधरा सेकंद मोजून चौपट केलं की चुकतं. मिनिटाला ६० किंवा जास्त भरले, छाती आत ओढली जाते असं दिसलं, दूध ओढणं सोडलं, बाळ मलूल किंवा गार लागलं, ताप आला, झटका आला, तळहात-तळपाय पिवळे पडले, तर घरगुती उपाय करत बसू नका, १०२ किंवा १०८ ला फोन करा आणि नेतानाही बाळ छातीशीच बांधून न्या.

आणि कधीपर्यंत, हे पण सगळ्याजणी विचारता. अडीच किलोच्या आसपास बाळ स्वतःच सांगतं, ढकलायला लागतं, घामेजतं, रडून बाहेर यायला बघतं. आमची तर पट्टा हातात घेतला की पाय झाडायची, मग बंद केलं.