तुम्ही विचारलंत म्हणून

"काकू, एकट्या कशाला राहता इथे? मुलाकडे डोंबिवलीला का जात नाही?" गणपतीत चाकरमानी आले की हे विचारतातच. आरतीच्या गडबडीत मी नुसती हसते. आज नीट सांगते.

जाते मी. पौषात जाते, नातवाला शाळेत सोडते, सुनेच्या हातचं खाते. पण शिमगा जवळ आला की तिथे जीव लागत नाही. शिमग्यानंतर भाजावळ करायची असते, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन पालापाचोळा पेटवून भाजायची.

हे २०१९च्या माघात गेले. आमच्यात कामं वाटलेली होती. नांगर, बियाणं, भाजावळ ही कामं यांची. लावणी, बेणणी, कापणी माझी. बत्तीस वर्षांच्या संसारात भाजावळीला काडी मी कधी लावली नव्हती. त्या वर्षी भाऊजी म्हणाले, "वहिनी, मी करून देतो." मी ऐकलं नाही. शेण पसरलं, त्यावर कवळ म्हणजे तोडलेल्या फांद्या, मग पातेरा म्हणजे सुका पाला, वर माती, सगळं यांच्यासारखं. आणि वारा येत होता त्याच बाजूने पेटवलं. आग वरच्यावर धावत गेली, जमीन कच्चीच राहिली. पाऊस पडल्यावर तरव्यापेक्षा, म्हणजे भाताच्या रोपांपेक्षा, तणच जास्त उगवलं. मी बांधावर बसून रडले. तेराव्यालाही तशी रडले नव्हते. यांचा रागही आला, एवढं एक सांगून का गेला नाहीत? दुसऱ्या वर्षी भाऊजींनी दाखवलं: काडी वाऱ्याच्या पलीकडच्या टोकाला लावायची. आग वाऱ्याला तोंड देत सावकाश सरकते, माती खोल भाजते, तणाचं बी मरतं. तरवा उपटायलाही हलका जातो. आता मला ते येतं. भाजावळीपाशी उभी असते तेव्हा हे शेजारी असल्यासारखे वाटतात. डोंबिवलीच्या खोलीत यांचा फोटो आहे, पण तिथे तसं वाटत नाही.

गावाने दुखावलंही. बांगड्या फोडल्या तो आवाज अजून कानात आहे. तेरड्याची गौर आणायला बायका पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे, निघाल्या की मी पडवीतच थांबायची. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पुढे सरकारनेही परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. आमच्या वाडीच्या बैठकीत ते वाचून झालं. कोणी हो म्हणालं नाही, कोणी नाही म्हणालं नाही. पण त्या वर्षी गौरीच्या दिवशी धाकटी जाऊ कुंकवाचा करंडा घेऊन पडवीत आली, माझ्या कपाळाला बोट टेकवलं आणि म्हणाली, "चला ताई, उशीर होतोय." माझे पाय थरथरत होते. तरी गेले. अजूनही दोन घरच्या म्हाताऱ्या मला बघून तोंड फिरवतात, त्याचं वाईट वाटतं. पण जाऊ हात सोडत नाही.

सध्या रोहिणी चालू आहेत. काल बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगलेले पोकळ दाणे काढले, उरलेलं धुऊन सावलीत सुकवलं. फणसाची साटं झाली, कुळीथ डब्यात भरले, पेंढ्याची उडवी शाकारायची तेवढी राहिली आहे. मृगाचा पाऊस लागला की पेरायचं, तीन आठवड्यांनी लावणी. भाऊजींच्या गुडघ्याला आता चिखल सोसत नाही, म्हणून यंदा त्यांची भाजावळही मीच लावली.

तुम्ही गणपतीत याल तेव्हा भात पोटरीत आलेलं असेल, कणीस बाहेर पडायच्या बेतात. रस्त्याने येऊ नका, बांधावरून या.