फड पद्धतीचं टिपण जागतिक वारशाच्या संभाव्य यादीसाठी तयार करताना

२०२५च्या जुलैअखेर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १,२४८ स्थळं होती: ९७२ सांस्कृतिक, २३५ नैसर्गिक आणि ४१ मिश्र. त्यातली निम्म्याच्या आसपास युरोप आणि उत्तर अमेरिकेत आहेत, आफ्रिकेच्या वाट्याला दहावा हिस्साही आलेला नाही. प्रदेशांचा तोल गेलाय तसाच प्रकारांचाही. इकोमॉस या सल्लागार संस्थेने १९८७ ते १९९३ या काळात यादी तपासली, तेव्हा युरोप, ऐतिहासिक शहरं, ख्रिस्ती धर्मस्थळं आणि बड्या लोकांच्या वास्तू यांचीच गर्दी दिसली. जिवंत परंपरा फार थोड्या. म्हणून १९९४ साली प्रातिनिधिक, समतोल आणि विश्वासार्ह यादीसाठी जागतिक धोरण ठरलं. त्या वेळी ४१० स्थळांपैकी ३०४ सांस्कृतिक होती, म्हणजे ७४ टक्के. आज हे प्रमाण ७८ टक्के आहे. तीस वर्षांचं धोरण आणि काटा उलट्या बाजूला सरकलेला.

नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यात नदीच्या बंधाऱ्याचं पाणी सामूहिकपणे वाटून घेण्याची फड पद्धत आहे. तिचं टिपण भारताच्या संभाव्य यादीसाठी, म्हणजे पुढे नामांकन द्यायच्या स्थळांच्या यादीसाठी, तयार करताना या असमतोलाचं एक कारण अगदी हाताशी सापडतं. अर्ज जे कागद मागतो ते किल्ल्याकडे आणि लेण्यांकडे आधीपासून असतात, पाटाकडे नसतात. याच तालुक्यातला साल्हेर किल्ला २०२५ साली ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या बारा किल्ल्यांच्या मालिकेत यादीत गेला. आनंदाचीच गोष्ट. पण किल्ल्याला इतिहासकार असतात, १६७२च्या लढाईची नोंद असते, नकाशा असतो. मोसम आणि आरम नद्यांवरच्या बंधाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या शेतं भिजवली, त्यांचं दप्तर मात्र कुणी लावून ठेवलं नाही. ते लावण्याचं काम कसं होतं, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी फड म्हणजे काय ते थोडक्यात. नदीवर दगडी बंधारा, त्याच्या एका अंगाने निघणारा पाट, जादा पाणी नदीत परत सोडणारे सांडवे, पाटातून फुटणाऱ्या चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेताशेतात जाणारे सारंग. एवढ्या व्यवस्थेखाली भिजणारं क्षेत्र म्हणजे थळ. थळाचे बहुधा चार फड पाडलेले असतात आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं असतं. एकात ऊस असेल तर दुसऱ्यात हंगामी पीक. पाणी कमी असलं की एखादा फड सगळ्यांचाच पडीक राहतो. प्रत्येकाची जमीन थोडी थोडी वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असल्याने टंचाईचा फटका एकट्यादुकट्याला बसत नाही. हे सगळं चालवायला पंच, पाणी फिरवायला पाटकरी, देखरेखीला हवालदार आणि उभ्या पिकाची राखण करायला जागल्या. पावसाळा सरला की पाटातला गाळ काढायचा, ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे मजूर. मला या पद्धतीत सर्वांत मोलाची वाटते ती ही वाटणी: टंचाईसुद्धा हिश्श्याने वाटून घेण्याची सोय.

संभाव्य यादीचा नमुना दिसायला लहान असतो: नाव, अक्षांश-रेखांश, वर्णन, असाधारण वैश्विक मूल्याचं समर्थन, निकष, अस्सलपणा आणि अखंडतेबद्दलचं निवेदन, तशाच इतर स्थळांशी तुलना. दोन-तीन पानांत मावतो. त्या पानांमागे पुराव्याची फाइल मात्र जाडजूड लागते. २०२३पासून नामांकनाआधी प्राथमिक मूल्यमापनाचा टप्पा आला आहे आणि संक्रमणकाळानंतर तो सक्तीचा होतोय. देशाने १५ सप्टेंबरपर्यंत मागणी करायची, अहवाल पुढच्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपर्यंत येतो आणि त्यानंतर किमान बारा महिने गेल्याशिवाय नामांकन देता येत नाही. हे मूल्यमापन पूर्णपणे कागदावर होतं. या टप्प्यावर कुणी सटाण्याला, बागलाणच्या मुख्य गावी, येऊन पाट बघत नाही. त्यामुळे संभाव्य यादीच्या वेळीच पुरावा पक्का केला तर पुढे धावपळ होत नाही.

पहिलं काम नकाशाचं, आणि सर्वाधिक वेळ तिथेच जातो. उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा घ्यायचा. त्यावर पाट बहुतेक वेळा दाखवलेला असतो, चाऱ्या क्वचितच. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, त्यामुळे जुन्या कागदांतलं ‘पाटस्थळ’ (पाटाच्या पाण्याने भिजणारं) क्षेत्र आजच्या कोणत्या गटांत पडतं हे जुळवायला एकत्रीकरणाचे जुने उतारे काढावे लागतात. हे न करता नुसत्या सातबाऱ्यावर विसंबलं की थळाची हद्द चुकते, कारण सातबाऱ्यावर आजची विहीर बागायतही ‘बागायत’ म्हणूनच येते. फडाची हद्द पाण्याच्या वाटेने ठरवायची असते.

मग प्रत्यक्ष चालत मोजणी. बंधाऱ्यापासून सुरुवात करून पाट जिथे संपतो तिथपर्यंत, प्रत्येक सांडव्यावर आणि चारीच्या तोंडाशी जीपीएसचा बिंदू घ्यायचा. यंत्र डब्ल्यूजीएस ८४ या जगभर चालणाऱ्या अक्षांश-रेखांशाच्या मापावर ठेवायचं आणि यूटीएम, म्हणजे मीटरमधले निर्देशांक, हवे असतील तर नाशिक जिल्ह्यासाठी झोन ४३ उत्तर. गाव नकाशा उपग्रह चित्रावर बसवताना जुन्या, न हललेल्या खुणा धरायच्या: तीन गावांच्या शिवांचा तिठा, बंधाऱ्याची दोन्ही टोकं, जुनं देऊळ. रस्ता कधीच धरू नये. रस्ते सरकलेले असतात. चारच खुणांवर नकाशा बसवला तर मधला भाग ताणला जातो, आठ-दहा खुणा घेतल्या की पाट जागेवर बसतो. पाट सुरू असताना आणि बंद असताना अशी दोनदा पाहणी करावी. बंद पाटात तळाचं दगडकाम दिसतं, सुरू पाटात गळती.

पाण्याची मोजणी साध्या तरंगत्या वस्तूनेही होते. सरळ, सारख्या रुंदीचा दहा मीटर पाट निवडायचा, लाकडाचा तुकडा सोडायचा, वेळ घ्यायची, चार-पाच वेळा करून सरासरी काढायची. पृष्ठभागाचा वेग आतल्यापेक्षा जास्त असतो म्हणून ०.८५ने गुणायचं. उदाहरण म्हणून, पाट १.२ मीटर रुंद, पाणी ०.४ मीटर खोल आणि दहा मीटरला वीस सेकंद लागले, तर सेकंदाला सुमारे २०४ लिटर. बंधाऱ्याजवळ आणि शेपटाला अशी दोन्हीकडे मोजणी केली की वाटेत किती पाणी मुरतं ते कळतं. मूल्यमापन करणाऱ्यांना ‘आजही चालू’ हा शब्द पुरत नाही, हा आकडा पुरतो.

इतिहासाच्या बाबतीत गावोगावी एकच अडचण. बंधारा कुणी बांधला विचारलं की कुणी रामाचं नाव घेतं, कुणी अहिल्याबाईंचं. ही सांगी आदराने नोंदवायची, पण लोकस्मृती म्हणून वेगळ्या परिच्छेदात. काळ ठरवायला कागदच लागतो. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे मोडी रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, आहेत. त्यांत गावाचं नाव, ‘पाटस्थळ’ आणि पाटदुरुस्तीचा खर्च या शब्दांनी शोध घ्यावा. मोडी वाचणारा माणूस सोबत असल्याशिवाय तिकडे जाण्यात अर्थ नाही. नाशिक जिल्ह्याचं १८८३चं आणि खानदेशचं १८८०चं गॅझेटियर हे इंग्रजी अमलातल्या सिंचनासाठी आधार म्हणून धरता येतात. ही पद्धत तीन-चारशे वर्षं जुनी असल्याचं अभ्यासक मानतात. एखाद्या विशिष्ट बंधाऱ्याला ते वय लावायचं तर त्याच बंधाऱ्याचा उल्लेख दाखवावा लागतो.

टिपण खरं पडतं किंवा तरतं ते तुलनेत. आपल्याकडच्या बऱ्याच मसुद्यांत तुलनेच्या जागी ‘अद्वितीय’ आणि ‘प्राचीन’ हे दोन शब्द असतात. वाचणाऱ्याला हवं असतं ते हे, की यादीत अशी कोणती स्थळं आहेत आणि तुमचं त्यांच्याहून वेगळं काय. ओमानचे अफलाज, म्हणजे सिंचनाचे जुने कालवे, २००६ साली गेले, देशात चालू असलेल्या सुमारे तीन हजारांतून निवडलेले पाच. तिथे पाण्याचा हिस्सा वेळेच्या हिशोबाने मोजला जातो. बालीची सुबक ही भातशेतीच्या पाण्याची व्यवस्था २०१२ साली गेली. तिच्या केंद्रस्थानी पाण्याची देवळं आहेत. इराणची शुश्तरची जलव्यवस्था २००९ साली, तिथलेच अकरा कनात (जमिनीखालचे पाट) २०१६ साली, चीनची दुजियांगयान सिंचनव्यवस्था २००० साली. फडाचं वेगळेपण या सगळ्यांसमोर ठेवल्यावर दिसतं: पाण्याच्या पाळीबरोबर पीकही सामूहिक ठरतं आणि जमीन खासगी असूनही फडाचा निर्णय सगळ्यांवर बंधनकारक असतो. २०२५ साली यादीत असलेल्या भारताच्या ४४ स्थळांत सिंचनव्यवस्था म्हणून गेलेलं एकही नाही, हाही तुलनेचाच भाग. देशांतर्गत तुलना वेगळी लागते: हिमाचलच्या कुहली (डोंगरउतारावरचे पाट), बिहारचे आहर-पाइन (बांध घातलेले तलाव आणि त्यांचे पाट), तमिळनाडूचे एरी (सिंचनाचे तलाव). ती सोडली तर प्रश्न हमखास येतो.

निकष दहा आहेत. मोह होतो की जितके जास्त लावू तितकं बरं. तसं करू नये; प्रत्येक निकष स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो आणि एक लंगडा असला तरी सगळ्या टिपणावर शंका येते. फडाला पाचवा निकष नेमका बसतो: पारंपरिक भूवापराचं ठळक उदाहरण, विशेषतः अपरिवर्तनीय बदलांमुळे धोक्यात आलेलं. जिवंत परंपरेची साक्ष म्हणून तिसरा जोडता येतो. तिथे थांबावं.

धोका लपवायचा नाही. मोसमवर हरणबारी आणि आरमवर केळझर धरण झाल्यावर नदीचं वाहणं बदललं, विहिरी-कूपनलिकांनी प्रत्येकाला स्वतःचं पाणी दिलं, काही ठिकाणी फड मोडले. मोडलेला फड हद्दीत घेतला तर अखंडता जाते. म्हणून बंधारा, पाट, चाऱ्या आणि पंच हे चारही जिथे शाबूत आहेत तेवढीच थळं निवडायची आणि मालिका म्हणून मांडायची. बंधाऱ्यावर सिमेंटचा गिलावा झालेला असला तर घाबरून तो फोटोतून कापू नये. अस्सलपणाबाबतच्या १९९४च्या नारा दस्तऐवजाने साहित्याबरोबर वापर, कार्य, परंपरा आणि व्यवस्थापन यांनाही पुरावा मानलं आहे. कुठल्या भागाची दुरुस्ती कशाने झाली ते दगडवार लिहून द्यावं.

ग्रामसभेत पहिला प्रश्न ठरलेला: “भाऊ, उद्या वावरात विहीर खणायची तर दिल्लीची परवानगी काढायची का?” प्रश्न रास्त आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, हे पांडवलेण्यांच्या परिसरात राहणाऱ्याला ठाऊक आहे. पण जागतिक वारशाच्या मार्गदर्शक तत्त्वांत कायद्याच्या जोडीला पारंपरिक संरक्षणही मान्य आहे. पंचांचे नियम, गाळ काढण्याची रीत, दंड हे सगळं लिहून त्यावर ग्रामसभेचा ठराव घेतला तर तोच संरक्षणाचा कागद होतो. त्याला महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ची जोड देता येते. बागलाणचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, तिथे पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) ग्रामसभेचा ठराव स्वतंत्र घ्यायचा. ठरावात ‘पाठिंबा आहे’ एवढंच नको. हद्द कोणती, कोणती बंधनं मान्य, कोणती अमान्य, हे आणि सह्या हव्यात. बायकांच्या सह्या आवर्जून घ्याव्यात, थळातली निम्मी कामं त्यांच्या हातची असतात.

टिपण थेट पॅरिसला जात नाही. फक्त देशच ते देऊ शकतो. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयामार्फत ते दिल्लीत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे जातं आणि तिथून युनेस्कोकडे. संभाव्य यादीत किमान एक वर्ष राहिल्यावरच नामांकनाचा विचार. २०२५च्या सप्टेंबरमध्ये सात नैसर्गिक स्थळं जोडल्यावर भारताच्या संभाव्य यादीत ६९ नावं झाली, आणि २०२०पासून एका देशाला वर्षाला एकच नामांकन देता येतं. समिती वर्षाला एकूण ३५ तपासते. जास्त आली तर एकही स्थळ नसलेल्या किंवा फार थोडी असलेल्या देशांना आधी घेतलं जातं. भारताला ही मर्यादा जाचक वाटते, तरी मला ती योग्यच वाटते. ज्यांच्याकडे एकही नाव नाही त्यांचा नंबर आधी लागायलाच हवा. आपल्या हातात आहे ते आपल्या देशाच्या रांगेत पाटाला किल्ल्याशेजारी जागा मिळवून देणं.

रांग लांब असल्याने अन्न व कृषी संघटनेच्या जागतिक महत्त्वाच्या कृषी वारसा व्यवस्थांचा मार्ग सोबतच धरावा. भारतातून कोरापूट, कुट्टनाड आणि काश्मीरचं केशर तिथे आधीच आहे. फाइल बरीचशी तीच चालते. वरून पिकांचे वाण, बियाणं कोण राखतं आणि घरटी उत्पन्न किती ही माहिती लागते. दोन्हीकडे उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे पाटकऱ्याची वही. प्रत्येक थळाला एक द्यावी, रकाने मोजके ठेवावेत: तारीख, कोणत्या फडाला पाणी, किती तास, पाटातली खोली, गाळ काढायला कोण आलं, पडीक कोणता. पंचांनी महिन्याला सही करावी. एक प्रत गावात, एक टिपणाच्या फाइलीत.