हात वर करा

"सगळ्यांनी हात वर करा, फोटो काढायचाय." आज सकाळी सहावीच्या वर्गात हे वाक्य मीच बोलले.

स्क्वाफचं, म्हणजे शाळेची गुणवत्ता तपासायच्या सरकारी आराखड्याचं, स्वयंमूल्यमापन चालू आहे. १२८ मानकं, प्रत्येकाची श्रेणी आणि सोबत पुरावा. मुलं स्वतः विचार करतात, प्रश्न विचारतात, याचाही पुरावा लागतो. म्हणून फोटो.

सगळे हात वर गेले. फोटो झाला, हात खाली आले. मागच्या बाकावरचा एक राहिला.

"बाई, मला खरंच विचारायचंय. बाहेर आत्ता चंद्र दिसतोय, मग चित्रात तो नेहमी रात्रीच का काढतात?"

"उद्या सांगते," म्हणाले, कारण स्क्वाफची ऑनलाइन लिंक भरायची घाई होती.

तो हात डोळ्यांसमोरून हलत नाहीये. मूल्यांकन नको असं माझं मुळीच म्हणणं नाही. शाळासिद्धी या आधीच्या शाळा-मूल्यांकनापासून पाणी, स्वच्छतागृहं, ग्रंथालय यांच्याकडे आमचं नीट लक्ष जायला लागलं. पण एका प्रश्नामागे अख्खा तास जातो, पाठ मागे पडतो, कधी उत्तर बाईंनाही येत नाही. त्याचा फोटो कसा काढायचा?

उद्या पहिल्याच तासाला वर्ग मैदानात नेतेय, चंद्र बघायला. तुमच्याकडे अशा प्रश्नांना वेळ कसा काढता?