यादीत नाव नसलेली मुलगी

आमच्या घरात दोन मुलं. धाकटा अंगणवाडीत, थोरली इथल्याच, नवी मुंबईतल्या दिघ्यातल्या, एका विनाअनुदानित इंग्रजी शाळेत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा सरकारी डॉक्टरांचं पथक येतं, सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, 2013 पासून चालू आहे, 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. थोरलीच्या शाळेत मात्र पथक कधी आलं नाही. फी भरतात म्हणजे घरचं बरं असणार, असं कुणीतरी धरून चाललंय. आमच्या गल्लीत येऊन बघावं. नवरा टेम्पो चालवतो, मी महापेला पॅकिंगला जाते. पोटाला चिमटा काढून फी भरतो.

मुलीला सारखी सर्दी, छाती भरलेली, वजन काही वाढेना. औषधानं तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. धाकट्याच्या तपासणीला शाळेला सुट्टी म्हणून तीही सोबत आली होती. पथकातल्या डॉक्टर मॅडमना म्हटलं, हिलाही जरा बघता का? “आमच्या यादीत नाही हो ती,” असं म्हणत त्यांनी स्टेथोस्कोप लावला तो बराच वेळ काढलाच नाही. मग ठाण्याच्या सिव्हिलची चिठ्ठी लिहून दिली.

टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, एएसडी. जन्मापासूनचं. लहान भोक पुष्कळदा आपोआप बुजतं. हिचं मोठं होतं आणि हृदयाची उजवी बाजू फुगायला लागली होती. मात्र छाती उघडावी लागणार नव्हती. मांडीच्या शिरेतून नळी घालून छत्रीसारखं डिव्हाइस बसवता येतं. बाहेर विचारलं तर खर्च अडीच-तीन लाख. राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत मोफत.

फुकट म्हटलं की कागद आलेच. योजनेसाठी रेशनकार्ड मागितलं आणि त्यात पेशंटचं नाव. आमचं केशरी कार्ड गावचं, सातारा जिल्ह्यातलं. त्यात सासू, सासरे, दीर, नवरा. मुलीचं नाव नाही, कारण ती जन्मली इथे आणि तेव्हापासून कार्डाची गरजच पडली नव्हती. नवरा जन्मदाखला घेऊन गावी गेला, तर तिथले साहेब म्हणाले, आईचंच नाव नाही तर मुलीचं कसं घालू? माझं नाव अजून माहेरच्या कार्डात. माहेर दुसऱ्या तालुक्यात. आधी तिथून नाव कमी केल्याचा दाखला, मग तो इकडे, मग माझं नाव, मग मुलीचं, मग ते ऑनलाइन दिसायला हवं. माझ्या भावानं तिकडे खेटे घातले, दिरानं इकडे. कधी सर्व्हर बंद, कधी साहेब मीटिंगला. इकडे मी रात्री मुलीचा श्वास ऐकत पडायची. लग्न होऊन मुंबईकडे आलेल्या निम्म्या बायकांची नावं अशीच अधांतरी असतील. कुणी आजारी पडेपर्यंत ते कळत नाही एवढंच.

सिव्हिलमधल्या ताईंनी खारघरचं श्री सत्य साई संजीवनीही सुचवलं होतं. मुलांच्या हृदयाचं हॉस्पिटल, तिथे बिलाचा काउंटरच नाही. तिथे नाव दिलं, पण त्याआधी योजनेची मंजुरी आली.

योजनेतलं हॉस्पिटल खासगी, नवी मुंबईतलं. पहिल्या काउंटरवर “योजनेचे बेड भरलेत” म्हणून परत पाठवलं. काउंटरवर वाद घालू नका, थेट आरोग्यमित्र, म्हणजे हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस, शोधा. त्याचं टेबल वेगळं असतं, आमच्याकडे ते लिफ्टच्या मागे होतं. मी त्याच्यासमोर बसूनच 155388 या हेल्पलाइनला फोन लावला. बेड मिळाला.

ओपीडीत शेजारी पामबीचकडची, म्हणजे पैसेवाल्यांच्या वस्तीतली, एक बाई तान्हं बाळ घेऊन बसली होती. जन्मल्यावर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी छातीतला आवाज ऐकला, त्याच आठवड्यात इको झाली म्हणे. बाई चांगली होती, माझ्या मुलीला बिस्किटं दिली. मी मनात हिशेब करत होते. माझी 9 वर्षांची. तिचा जन्मही हॉस्पिटलातच झालेला.

डिव्हाइस बसलं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून काही महिने ॲस्पिरिनची छोटी गोळी, मधूनमधून इको, आणि दात काढायचा झाला तर आधी दातांच्या डॉक्टरला हे सांगायचं. आता जिना चढताना भावाच्या पुढे असते.

शाळेच्या मुख्याध्यापिकांना तपासणीचं विचारलं. “पालकांनी वर्गणी काढली तर कॅम्प घेऊ,” म्हणाल्या. अंगणवाडी सेविकाताईंना मात्र पुढच्या तपासणीची तारीख कळवायला सांगून ठेवलंय. गल्लीतली त्या शाळेत जाणारी पोरं सोबत नेणार आहे. यादीत नाहीत म्हणाले तर म्हणू देत, मी तिथेच बसून राहीन.